रस्त्याचा खर्च : कोणता, किती आणि कुणाकडून परत?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, विकसन करारावरील विशेष सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं पूर्ण होणं ही आनंदाची गोष्ट आहे आणि या वर्षात गाणी, सत्कार, जेवणावळी व्हायलाच हव्यात. पण कमिटीने मला दिलेला विषय जरा कोरडा आहे. विकसन करारातला ‘परत मिळण्याजोगा सार्वजनिक पायाभूत सुविधांचा खर्च’ म्हणजे नेमकं काय, हे सोप्या भाषेत सांगा, असं त्यांनी सुचवलं. मी वकील नाही, आर्किटेक्ट नाही. बँकेत कर्ज विभागात वर्षानुवर्षं काम केलं, तेव्हा ‘खर्च’ हा शब्द किती लवचिक असतो हे मात्र जवळून पाहिलं. तेवढ्याच भांडवलावर बोलतो.

आधी आपला प्रश्न थोडक्यात. आपल्या मागच्या बाजूची संस्थेच्या मालकीची जागा 3,000 चौ.मी. आहे. तिच्यातून विकास आराखड्यातला, म्हणजे डीपीतला, 12 मीटर रुंद रस्ता जातो. आपल्या हद्दीत त्याची लांबी 75 मीटर. म्हणजे 900 चौ.मी. जागा रस्त्याखाली जाणार. विकसक म्हणतो, रस्ता मी बांधतो, पावसाळी गटार टाकतो, पथदिवे लावतो, महापालिकेच्या ताब्यात देतो. त्याबदल्यात जो टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क मिळेल, तो विकू. खर्च वजा करू. उरेल ते निम्मं-निम्मं. उरलेल्या 2,100 चौ.मी.वर बांधकामाचा भाग वेगळा आहे, तो आज मी घेत नाही.

ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. पण मसुद्यात लिहिलंय ते असं : ‘सार्वजनिक पायाभूत सुविधांवर विकसकाने केलेला सर्व खर्च, त्यास अनुषंगिक खर्च व त्यावरील द.सा.द.शे. 18 व्याज प्रथम वजा करण्यात येईल.’ मंडळी, चौसष्ट पानांच्या मसुद्यात ही एकच ओळ अशी आहे की जिच्यात आपले सगळे पैसे आहेत. त्या ओळीत ‘सर्व’ आहे, ‘अनुषंगिक’ आहे, ‘प्रथम’ आहे. ‘किती’ मात्र कुठेच नाही.

जमिनीचा मोबदला वेगळा, बांधकामाचा वेगळा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं विसरलात तरी ही लक्षात राहायला हवी.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 मध्ये आरक्षित जमीन घेण्याचे मार्ग दिले आहेत. एक, आपसांत ठरवून मोबदला देऊन. दोन, चटईक्षेत्र किंवा टीडीआर देऊन. तीन, भूसंपादनाने. आपला विचार दुसऱ्या मार्गाचा आहे. या मार्गातसुद्धा दोन स्वतंत्र गोष्टी मिळू शकतात. जमीन दिली म्हणून जमिनीचा टीडीआर. आणि त्या जमिनीवर सुविधा स्वतःच्या खर्चाने बांधून दिली, तर त्या बांधकामाचा वेगळा मोबदला.

जमिनीचा टीडीआर जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरतो. 2016 पासूनच्या राज्याच्या टीडीआर नियमांत आणि 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तो दाटवस्तीबाहेरच्या जमिनीला दुप्पट आणि दाटवस्तीतल्या जमिनीला तिप्पट आहे. आपली जागा दाटवस्तीबाहेरची. म्हणजे 900 चौ.मी.ला 1,800 चौ.मी. हा हक्क कशाबद्दल? जमिनीबद्दल. जमीन कुणाची? मिळकत पत्रिकेवर नाव संस्थेचं आहे. त्यात विकसकाचा एक रुपयाही गेलेला नाही.

बांधकामाच्या टीडीआरचं सूत्र निराळं. बांधलेल्या सुविधेचा खर्च वार्षिक दर विवरणातल्या, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यातल्या बांधकाम दराने काढायचा. त्याला जमिनीच्या रेडी रेकनर दराने भागायचं आणि नियमातल्या गुणकाने गुणायचं. दर कोणत्या वर्षाचा? काम सुरू झालं त्या वर्षाचा. यात एक गोम आहे, ती लक्षात घ्या. विकसकाने किती बिलं जोडली हे इथे बघितलंच जात नाही. सरकारी दराने जे बसतं तेच मोजलं जातं.

काही ठिकाणी टीडीआरऐवजी क्रेडिट नोट मिळते. पुणे महापालिकेने गेल्या काही वर्षांत खराडी, मुंढवा, महंमदवाडी या भागांतले काही रस्ते आणि पूल खासगी सहभागातून बांधून घेण्याची पद्धत आणली. खर्च विकसकाचा, आणि मोबदल्यात त्याला महापालिकेला द्यायच्या शुल्कातून वळती करता येईल अशी नोट. म्हणजे रोख नाही, पण रोखीसारखीच.

आता मसुद्याकडे परत या. विकसक रस्त्याचा खर्च आपल्या जमिनीच्या टीडीआरमधून वजा करणार आहे. आणि रस्ता बांधल्याबद्दल महापालिकेकडून जे मिळेल, मग तो बांधकामाचा टीडीआर असो वा क्रेडिट नोट, ते कुणाच्या नावावर? मसुदा यावर गप्प आहे. गप्प राहिला तर ते विकसकाच्या नावावर जाईल. एकाच खर्चाची दोनदा वसुली. एकदा आपल्याकडून आणि एकदा महापालिकेकडून.

‘तेवढा’ म्हणजे किती, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत

शब्दांचा कीस काढतोय असं कुणाला वाटेल, म्हणून एक जाहीर खटला सांगतो. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या परिशिष्ट सातमध्ये दोन लागोपाठ परिच्छेद होते. पाचव्यात जमीन देण्याची अट होती. जमीन विनामूल्य, बोजारहित, आजूबाजूच्या पातळीला सपाट करून आणि दीड मीटर उंचीची कुंपणभिंत व फाटक मालकाच्या खर्चाने बांधून द्यायची. सहाव्यात म्हटलं होतं की मालकाने त्या जागेवर सुविधाही बांधली तर त्याला त्या बांधकामाच्या क्षेत्राएवढा आणखी विकास हक्क देता येईल.

महापालिकेने परिपत्रक काढून रस्त्याच्या बांधकामासाठी हा जादा हक्क क्षेत्राच्या काही टक्क्यांवर आणला. आधी 15 टक्के, नंतर 25. गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात ‘एवढा’ म्हटलंय तर तो तेवढाच, परिपत्रकाने कमी करता येणार नाही. पुढे नियम बदलले, सूत्रं आली, ते सोडा. आपल्यासाठी त्यातून दोन गोष्टी. पहिली, जमीन आणि बांधकाम यांचे हक्क कायद्याने वेगवेगळे मोजले गेले. दुसरी, सपाटीकरण, कुंपण, फाटक हा खर्च जमीन देण्याच्या अटीतच गेला, तो परत मिळणाऱ्या रकान्यात आलाच नाही. खर्च सार्वजनिक जागेवर झाला म्हणून तो आपोआप परत मिळण्याजोगा ठरत नाही.

‘एवढा’ या शब्दासाठी एवढ्या मोठ्या कंपनीला दिल्लीपर्यंत जावं लागलं. आपल्याला तो शब्द सहीच्या आधी, कागदावर, फुकटात दुरुस्त करता येतो.

चार ढीग करा

बँकेत प्रकल्प कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही खर्चाचे ढीग करायचो. कर्जासाठी धरायचा खर्च कोणता आणि उद्योजकाने स्वतः सोसायचा कोणता. तेच इथे करू.

पहिला ढीग, निखळ सार्वजनिक. काम पूर्ण झाल्यावर जे महापालिकेच्या ताब्यात जातं आणि कुणीही वापरू शकतो. रस्त्याचा भराव, खडीकरण, डांबर किंवा काँक्रीट, रस्त्याचे पदपथ, पावसाळी गटार, पथदिवे. हा परत मिळण्याजोगा.

दुसरा ढीग, निखळ खासगी. विकसकाच्या इमारतीचं प्रवेशद्वार, त्याच्या आवारातल्या वाहिन्या, इमारतीचा नळजोड, विक्री कार्यालयापर्यंतचा कच्चा रस्ता, इमारतीच्या परवानगीसाठी कलम 124-अ खालचं विकास शुल्क, चटईक्षेत्राचं प्रीमियम. हे सगळं महापालिकेला भरतात म्हणून ‘सार्वजनिक’ वाटतं, पण ते त्याच्या इमारतीच्या परवानगीचं मोल आहे. यातला एकही रुपया रस्त्यात धरायचा नाही.

तिसरा ढीग, मिश्र. मलवाहिनी मोठ्या व्यासाची टाकली, अर्धी मागच्या वस्तीसाठी आणि अर्धी त्याच्या इमारतीसाठी. बांधकाम कामगार कल्याण उपकर 1 टक्का असतो. रस्त्याच्या कामावरचा उपकर रस्त्यात, इमारतीवरचा इमारतीत. आर्किटेक्टची फी, मोजणीची फी, यांचीही तशीच वाटणी. वाटणीचं प्रमाण आज ठरवायचं. नंतर ठरवू म्हटलं की ते खर्च करणाऱ्याच्या सोयीने ठरतं.

चौथा ढीग, ज्याचा परतावा दुसऱ्याच कुणाकडून मिळतो. याचं चांगलं उदाहरण वीज. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 8 सप्टेंबर 2006 च्या आदेशात महावितरणच्या बाबतीत फरक केला. एखाद्या ग्राहकापुरतीच समर्पित सुविधा असेल तर खर्च त्याचा. पण जे जाळं इतरांनाही उपयोगी पडणार, त्याचा भार त्या एकट्या ग्राहकावर नको. पुढे महावितरणने अशी पद्धतही ठेवली की ग्राहकाने आधी खर्च करायचा आणि तो नंतर मासिक बिलातून टप्प्याटप्प्याने वळता करून घ्यायचा. आपल्या कामात रोहित्र बसवावं लागलं आणि त्याचा परतावा महावितरणकडून मिळाला, तर तो खर्च आपल्या हिशेबातून वजा झालाच पाहिजे.

सगळ्या ढिगांना एकच कसोटी लावता येते. ती वस्तू शेवटी कुणाच्या ताब्यात जाते, कोण वापरतो, आणि तिचे पैसे आणखी कुणी देतंय का? या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली की बहुतेक वाद तिथेच मिटतात.

आकड्यांत फरक किती पडतो

आता समजा म्हणून काही आकडे घेऊ. बाजारभाव रोज बदलतो, त्यामुळे हे फक्त हिशेबाची रीत दाखवायला. समजा 1,800 चौ.मी. टीडीआर 10,000 रुपये चौ.मी.ने विकला. आले 1 कोटी 80 लाख. समजा रस्त्याचं खरं काम 60 लाखांचं.

मसुद्याप्रमाणे : काम 60 लाख. ‘अनुषंगिक’ म्हणून 15 टक्के व्यवस्थापन खर्च, 9 लाख. व्याज 18 टक्के सरळ, तीन वर्षांचं, 32 लाख 40 हजार. विकसकाच्या आवारातली कामं रस्त्याच्या बिलात शिरली, 15 लाख. शुल्क, प्रीमियम आणि ‘कार्यालयीन पाठपुरावा’, 20 लाख. बेरीज 1 कोटी 36 लाख 40 हजार. उरले 43 लाख 60 हजार. आपला निम्मा वाटा 21 लाख 80 हजार.

फक्त खरं काम वजा केलं तर : उरले 1 कोटी 20 लाख, आपला वाटा 60 लाख. फरक 38 लाख 20 हजार.

आणि जमिनीचा टीडीआर संस्थेचा, रस्त्याचा खर्च बांधकामाच्या मोबदल्यातून, अशी योग्य वाटणी केली तर? 1 कोटी 80 लाख संस्थेचे. बांधकामाच्या मोबदल्यात 60 लाख पूर्ण निघाले नाहीत, समजा 15 लाखांची तूट आली, तर ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत आपण भरून देऊ. तरीही हातात 1 कोटी 65 लाख. विकसकाला नफा हवा हे मान्य. तो उरलेल्या 2,100 चौ.मी.त आहे. तिथे जरूर मिळवावा.

व्याजाबद्दल एक शब्द. वरचा हिशेब सरळ व्याजाचा आहे. मसुद्यात ‘सरळ’ लिहिलेलं नाही. मासिक चक्रवाढ धरली तर 60 लाखांवर तीन वर्षांचं व्याज साधारण साडेबेचाळीस लाख होतं. एक शब्द न लिहिल्याचे दहा लाख. शिवाय व्याज कोणत्या तारखेपासून? पैसे खर्च झाल्यापासून, की करार झाल्यापासून? आणि कधीपर्यंत? टीडीआरचं प्रमाणपत्र हाती आल्यावरही विकसक भाव चढायची वाट पाहत बसला, तर तेवढे दिवस व्याज आपण का द्यायचं?

करारात काय लिहून घ्यावं

मी माझ्या शब्दांत एक कच्चा मसुदा केला आहे. वकीलसाहेबांनी तो कायद्याच्या भाषेत बसवावा, अर्थ मात्र बदलू नये.

1. परत मिळण्याजोगा खर्च म्हणजे सोबतच्या परिशिष्टात नाव, परिमाण व दर यांसह नमूद केलेल्या, महापालिकेने लेखी मंजूर केलेल्या आणि महापालिकेच्या ताब्यात दिलेल्या कामांचाच खर्च. परिशिष्टात नसलेले काम परत मिळण्याजोगे नाही.

2. रक्कम ही प्रत्यक्ष खर्च, मंजूर अंदाजपत्रक आणि काम सुरू झाले त्या वर्षाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीने येणारी रक्कम, या तिन्हींत जी कमी असेल ती. तिन्ही रकमा जीएसटी धरून आहेत की वगळून, ते परिशिष्टात स्पष्ट असावे. एकूण कमाल मर्यादा अंकांत व अक्षरांत लिहावी.

3. ज्या कराचा परतावा किंवा वजावट विकसकाला मिळते तो कर, तसेच दंड, विलंब शुल्क, सदोष कामाची दुरुस्ती, विकसकाच्या कर्जाचे व्याज, त्याच्या कार्यालयाचा खर्च आणि पावतीविना केलेला कोणताही खर्च धरला जाणार नाही.

4. मोजमाप पुस्तक, पावत्या आणि महापालिकेचा दाखला पाहून संस्थेने नेमलेला अभियंता प्रमाणपत्र देईल. रकमेची खातरजमा सनदी लेखापाल करेल. विकसकाने दावा काम संपल्यापासून 90 दिवसांत सादर करावा. नंतरचा दावा ग्राह्य नाही.

5. जमिनीच्या मोबदल्याचे विकास हक्क प्रमाणपत्र संस्थेच्या नावे राहील. बांधकामाबद्दल महापालिका, महावितरण किंवा अन्य कुणाकडून टीडीआर, क्रेडिट नोट, रोख वा वळतावळत या रूपाने जे काही मिळेल ते आधी खर्चात वजा होईल. संस्थेचे दायित्व फक्त उरलेल्या तुटीपुरते व कमाल मर्यादेच्या आत.

6. व्याज दिलेच तर सरळ, ठरलेल्या दराने, प्रमाणित खर्चावर, प्रमाणपत्राच्या तारखेपासून आणि जास्तीत जास्त बारा महिने.

7. विक्रीची रक्कम दोघांच्या सहीने चालणाऱ्या स्वतंत्र बँक खात्यात जमा होईल. खात्याबाहेर झालेला व्यवहार हिशेबात धरला जाणार नाही.

8. ताबा दिल्यानंतर दोष दुरुस्तीच्या मुदतीत रस्ता खचला, गटार तुंबलं, तर दुरुस्ती विकसकाच्या खर्चाने.

आठच कलमं आहेत. दीड पानात बसतात.

दोन शंका

काही सभासद मला म्हणाले, ‘साहेब, एवढं ताणलं तर बिल्डर निघून जाईल.’ मला तसं वाटत नाही. ज्याला खरोखर रस्ता बांधायचा आहे त्याला परिशिष्ट करायला अडचण नसते, कारण अंदाजपत्रक त्याच्याकडे तयारच असतं. उलट व्याख्या स्पष्ट असली तर त्यालाही फायदा. उद्या नवी कमिटी आली आणि म्हणाली की पथदिव्यांचे पैसे देणार नाही, तर परिशिष्ट त्याच्या बाजूनेच बोलेल. जो परिशिष्टालाच नाही म्हणतो, त्याचा नकार सहीच्या आधी कळलेला बरा.

दुसरी शंका वयाची. आपल्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत. ‘आपल्याला किती दिवस राहायचंय, मिळेल ते घेऊन टाका,’ असंही कानावर आलं. त्यांना मी आदराने सांगतो की ही जागा तुमची-माझी एकट्याची नाही, संस्थेची आहे. आपल्या सामाईक मलवाहिनीचं काम निधीअभावी पुढे ढकललं जातंय, पाण्याच्या टाकीला गळती आहे, आणि तीन सभासदांच्या घरी तर मासिक वर्गणी भरणंसुद्धा जड जातंय. 21 लाख आणि 1 कोटी 65 लाख यातला फरक म्हणजे या तिन्ही कामांचं उत्तर आहे. व्याजावर देखभाल चालली तर पुढची दहा-पंधरा वर्षं वर्गणी वाढवावी लागणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. येत्या रविवारच्या विशेष सभेत करार मंजूर की नामंजूर असा सरळ ठराव मांडू नका. ‘परिशिष्ट आणि कमाल मर्यादा जोडून मसुदा पुन्हा सभेपुढे आणावा, तोपर्यंत सही करू नये,’ असा ठराव मांडा. त्यासाठी महिना गेला तर जाऊ द्या. आणि सभेला स्वतः या. मुखत्यारपत्रावर किंवा शेजाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. ज्यांना जिने चढणं जमत नाही त्यांच्यासाठी सभा तळमजल्यावर घ्यायची कमिटीने कबूल केलं आहे.

मसुद्याच्या आणि माझ्या आठ कलमांच्या प्रती कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांना आकडेमोड करून पाहायची आहे त्यांनी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे यावं, कागद-पेन्सिल माझी.